पुलावरचं कार्ड आणि मुळासकट सताप

ज्या वर्षी भाची रेनाता पंधरा वर्षांची झाली आणि तिची मेजवानी थाटात पार पडली, त्याच वर्षी ओफेलियाचं सरहद्दीच्या पुलावरचं जलद रांगेचं कार्ड रद्द झालं. ती एल पासोच्या शाळेत स्वयंपाक करायची आणि मुक्कामाला नदीपलीकडच्या देशात, हुआरेसला आईजवळ असायची. कार्ड होतं तोवर सकाळी वीस मिनिटांत पूल ओलांडायची. एकदा गाडी बाजूला घेऊन झडती झाली, तिला एका खोलीत बसवलं आणि काही न सांगता सोडून दिलं. आठवड्याने पत्र आलं: कार्ड रद्द. कारण लिहिलं नव्हतं.

साध्या रांगेत तीन तास जात. मग ती एल पासोतच खोली घेऊन राहिली, आणि तिची आई दोन्या कास्तुला, हृदय थकलेली म्हातारी, रविवार ते रविवार लेकीची वाट बघू लागली.

नवा कायदा झाला: कारण लेखी द्यायचं, आणि अपील दुसऱ्याच अधिकाऱ्याने ऐकायचं. ओफेलियाने त्याच दिवशी अर्ज ठोकला.

एकविसाव्या दिवशी कारण आलं. तिला रविवारपर्यंत दम कुठला! शाळा सुटताच गाडी हाणली आणि दारातूनच वाचून दाखवलं: चालकाच्या आसनाखाली माती आणि मुळांसकट रोप, न सांगता आणलेलं.

म्हातारीने शालीच्या टोकाशी चाळा केला. "सताप होता तो. मीच ठेवला. नवी गाडी, कुणाची दृष्ट लागली असती."

"अगं आई, पण मुळासकट?"

"तोडलेला सताप काय डोंबल राखण करणार?"

ओफेलिया हसता हसता खाली बसली. कारण सापडलं होतं, आता उत्तर देता येणार होतं. म्हातारीने तिथेच कबुली दिली, लेकीने लिहून घेतली. पोरीला ठाऊक नव्हतं, असं लिही म्हणाली. शेवटी रोप परत मागितलं. तेवढं ओफेलियाने गाळलं.

जुलैत कार्ड परत मिळालं. ती सामानासकट आईकडे परतली. पहिल्याच सोमवारी पूल ओलांडून तिने फोन लावला. "आई, अकरा मिनिटं!"

"मग कॉफी तरी संपवून जायचीस."

दोन्या कास्तुला त्याच वर्षी नऊ नोव्हेंबरला सकाळी सहा वाजता वारली. ओफेलिया घरीच होती.