‘वाघूरचा वाघ’ला एक तारा

मधुसूदननं टपरीवरच दुसरं वर्तमानपत्र उलगडलं आणि रंगीत पानाच्या तळाशी बोट नेलं. साडेतीन तारे. त्यानं ते घाईघाईनं काखेत मारलं आणि तिसरं उघडलं. तिथं तर चक्क चार. टपरीवाला कचरू सुटे पैसे घेऊन थांबला होता, पण मधुसूदनचा हात काही पुढं होईना.

“काय झालं सर? कुणी गेलं का?”

“नाही. अजून तरी नाही,” मधुसूदन म्हणाला आणि पैसे तसेच सोडून घराकडं वळला.

त्याच्या स्वतःच्या पेपरात एकच तारा होता. शेजारी त्याचं नाव, तेही फोटोसकट.

बँकेतली नोकरी सांभाळून तो शनिवारच्या पुरवणीत सिनेमाची परीक्षणं लिहायचा. शहरात असे लिहिणारे तिघंच. एक हा, दुसरा नाटकाच्या कार्यशाळा घेणारा पुंडलिक, आणि तिसरी कॉलेजात शिकवणारी मनस्विनी. शुक्रवारचा पहिला शो सुटला की तिघं समोरच्या हॉटेलात चहा घेत आणि तारे ठरवून टाकत. अर्ध्या ताऱ्याचा फरक चालायचा, त्याहून जास्त नाही. उद्या कुणी चिडलंच तर एकटा कुणी सापडायला नको, एवढाच त्यामागचा विचार. कलेची सेवा वगैरे बोलायला ते दिवाळी अंक होतेच.

काल ‘वाघूरचा वाघ’ लागला होता. निर्माते कडुबा अण्णा, आणि नायक त्यांचा एकुलता एक मुलगा मिहिर. वाघूर नदीकाठी, फर्दापूरकडच्या डोंगरात चित्रीकरण केलेलं. मिहिर घोड्यावरून आला, गुंडांना लोळवून गेला, आणि या सगळ्यात त्याच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही.

“एकच,” चहाच्या टेबलावर मनस्विनी म्हणाली होती. “तोही घोड्याला.”

“एकपेक्षा जास्त दिला तर लोक आपल्याला हसतील यार,” पुंडलिकनं री ओढली होती.

ठरलं. पण मधुसूदनचा एक नेम होता, आणि त्यानंच घात केला. एक तारा द्यायचा तर सिनेमा दोनदा बघायचा. कुणी काही महिने राबलेलं असतं, त्याला एका बैठकीत गाडून टाकायचं त्याच्या जिवावर यायचं. म्हणून फोन बंद करून तो पुन्हा आत जाऊन बसला. दुसऱ्यांदाही माशी हलली नाही. तिथून तो थेट कचेरीत गेला, लेख दिला, आणि फोन बंदच राहिला तो सकाळपर्यंत.

मधल्या वेळात पुंडलिकला आठवलं होतं की पाण्याचे टँकर कुणाचे आहेत.

“मधू, पाणी अण्णांचं आहे रे बाबा. आम्ही तारे वाढवले, तूही वाढव,” असा त्याचा निरोप सकाळी फोनवर दिसला. त्याखाली न घेतलेल्या फोनची ही रांग.

दुष्काळाचा तो दुसरा उन्हाळा. चहूबाजूंनी नव्या इमारती उठत होत्या आणि जुन्या इमारतींची बोअर आटत होती. गारखेड्यातल्या मधुसूदनच्या सोसायटीचं बोअर संक्रांतीलाच फुसफुसून गप्प झालं होतं. नळाचा भरवसा नव्हता. शनिवारी दुपारी कडुबा अण्णांचा टँकर फाटकाशी लागायचा, त्यावर सगळ्या घरांचा आठवडा निघायचा. दुसरे टँकरवाले नवं गिऱ्हाईक घ्यायला तयार नव्हते, कारण त्यांच्याच विहिरींनी तळ गाठला होता.

त्याच्या बायकोनं, मीनाक्षीनं, व्हरांड्यात बादल्या, घागरी, अगदी कुकरसुद्धा मांडून ठेवला होता. तिनं उभ्यानंच परीक्षण वाचलं. पावसाच्या गाण्यापाशी ती थांबली आणि मोठ्यानं वाचू लागली.

“‘नायक सबंध गाणंभर भिजतो. त्यातलं पाणी तेवढं खरं आहे. ज्यांच्या हंड्यातून ते आलं, त्यांची तरी आठवण ठेवून थोडा अभिनय करायला हवा होता.’”

तिनं पान घडी करून त्याच्या हातात दिलं.

“छान लिहिलंय. आज हे पिळून प्या.”

तळमजल्यावरच्या भागूबाई जिन्यातून वर आल्या. त्यांच्याकडं सुनेचं बाळंतपण झालेलं, घरात लहान जीव.

“भाऊ, टँकर येईल ना आज? काल रातीच पाणी संपलंय.”

“येईल की,” तो म्हणाला.

तेवढ्यात फोन वाजला. नंबर अनोळखी.

“मधुसूदन सायेब का? म्या कडुबा बोलतोय. जरा यार्डात येता का? बोलायचं हाय.”

पलीकडून फोन बंद झाल्यावरही तो कानाशी तसाच धरून उभा होता. मीनाक्षीचा रागबिग कुठल्या कुठं गेला.

“एकटे नका जाऊ.”

“कुणाला नेऊ? पुंडलिकला? तो आता महिनाभर ओळख दाखवायचा नाही.”

“मग गोड बोला. ऐकताय ना? तिथं समीक्षक होऊ नका.”

यार्ड बायपासच्या पलीकडं होतं. स्कूटर लावताना किल्ली दोनदा खाली पडली. टँकर ओळीनं उभे. कुणीतरी लोखंडी पाइपवर पाना आपटत होतं. ते पाना घेतलेले हात आपल्यासाठीच आहेत असं त्याला खरोखर वाटलं. त्या माणसानं त्याच्याकडं बघून नुसती मान हलवली आणि आतलं शेड दाखवलं.

कडुबा अण्णा प्लास्टिकच्या खुर्चीवर एकटेच बसले होते. मांडीवर मधुसूदनच्या परीक्षणाचं पान.

“बसा. च्या घेणार?”

“नको, नको.”

“आमच्या मॅनेजरनं वाचून दावलं. पावसाचं पन लिवलंय तुम्ही.”

“अण्णा, त्याचं असं आहे...”

“गाडीभर पानी सोडलं व्हतं त्या गान्यात. पोरगं हट्टालाच पेटलं.” अण्णांनी पान उलटं करून ठेवलं. “तिघांनी लिवलं. दोघांनी डोक्यावर घेतलं, तुम्ही एकट्यानं पाडलं. आता पेपर सोडा. तोंडावर सांगा. पोराला जमतंय का नाय?”

शेडच्या दारात मघाचा तो पानावाला, पाइपवर ठोके घालणारा, येऊन उभा राहिला होता. बहुधा काहीतरी विचारायला आला असावा. मधुसूदनला त्याच्या हातातला पाना तेवढा दिसत होता, आणि त्यामागं फाटकाशी रिकाम्या घागरी घेऊन उभी राहिलेली सगळी सोसायटी.

“जमतंय,” तो म्हणाला.

“मंग हे?”

“ते सिनेमाबद्दल झालं, अण्णा. दिग्दर्शक कच्चा होता. मुलात चांगला गुण आहे. चांगली गोष्ट मिळाली तर नाव काढेल.”

एकदा तोंड उघडल्यावर शब्द भराभर येत गेले. आवाज भारदस्त आहे, डोळे बोलके आहेत. स्वतःचंच बोलणं त्याला ऐकवेना, पण थांबता येईना.

अण्णांचा चेहरा खुलेल असं मधुसूदनला वाटलं होतं. तो उतरला.

“खरं सांगताय?”

“अगदी खरं.”

“मला वाटलं तुम्ही नाय म्हनाल,” अण्णा सावकाश म्हणाले. “सकाळपास्नं त्येचीच वाट बघत व्हतो. त्याला दुसरा पिच्चर काढायचाय. त्यापायी वाळूजकडचं रान प्लॉटवाल्याला द्या म्हनतोय. आपली जिती विहीर तेवढी तिथलीच. बाकीच्या आटल्या. ही गेली की टँकर बंद. मी त्याला म्हनलं, ज्या मानसानं तुला पाडलं, त्यानं समोर बसून व्हय म्हनलं, तर सही करतो.”

मधुसूदन खुर्चीच्या कडेवर आला.

“अण्णा, जरा ऐका...”

“बोला की.”

अण्णांनी मान वर केली. बापाच्या त्या डोळ्यांत अजून थोडी आशा होती, ती त्याला स्वच्छ दिसली. एकच वाक्य बोलायचं होतं. पण आपण आत्ताच खोटं बोललो, हे त्यासाठी आधी सांगावं लागणार होतं, आणि पानावाला अजून दारातच होता.

“काही नाही. विहिरीचा विचार करा, एवढंच.”

“शब्द दिलाय पोराला,” अण्णा म्हणाले, आणि आतल्या खोलीकडं तोंड करून त्यांनी हाक मारली. “मिहिर, ये. सायेब व्हय म्हनलं.”

मिहिर आला. सिनेमात दोनदा बघूनही न दिसलेलं काहीतरी आत्ता त्याच्या चेहऱ्यावर हललं. त्याचे डोळे भरले होते. तो वाकला आणि त्यानं मधुसूदनचे पाय धरले.

बाहेर एक टँकर सुरू झाला होता. तो पानावालाच त्याचा ड्रायव्हर निघाला.

“सर, तुमच्या गारखेड्यालाच निघालोय. ऊन लई झालंय, बसता का? स्कूटर राहू द्या इथं.”

मधुसूदन वर चढून बसला. मीनाक्षीचा फोन आला, तेव्हा त्यानं ‘टँकर निघाला’ एवढंच सांगितलं. पलीकडं तिनं ते कुणाला तरी ओरडून सांगितलेलं त्याला ऐकू आलं, आणि मग सगळा जिना एकदम बोलायला लागला.

“अहो, भागूबाई तुम्हाला आशीर्वाद देतायत,” मीनाक्षी म्हणाली. “पुढच्या शनिवारचंही बोलून घेतलंत ना?”