दोन मुठींचा आरा

मी एक जुना आरा आहे, झाडं कापायची मोठी करवत. माझी लांबी साडेपाच फूट आणि मला दोन मुठी आहेत, दोन्ही टोकांना एकेक. त्या सकाळी मी कासारवाडीच्या रेल्वे फाटकाजवळ एका आंब्याच्या बुंध्यात अर्धा शिरलो होतो. एका मुठीशी सावळाराम होता, दुसरीशी त्याची मुलगी रतन. दोघं एकमेकांशी बोलत नव्हती. मित्रांनो, तो त्या घराचा शेवटचा साधा दिवस होता. साधा म्हणजे गोड असं मात्र समजू नका.

भांडण नोकरीवरून होतं. पिंपरीला नवा कारखाना उभा राहिला होता आणि बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचता येतील अशा बायका तिथे हव्या होत्या. रतन सातवी पास होती. कारखान्याचं नाव निघालं की सावळारामच्या अंगाचा तिळपापड होई, कारण पूर्वी माझी दुसरी मूठ धरणारा त्याचा भाऊ गेनू असाच एका कारखान्यात गेला आणि परत या मुठीकडे फिरकला नाही. बायकांनी शिफ्ट करायची नाही, असं त्याने रतनला बजावलं. चार गावच्या पुरुषांदेखत आरा ओढलेला चालतो का, असं तिने विचारलं. तेव्हापासून घरात भांड्यांचाच आवाज.

दुपारी लाकडाचा ठेकेदार रंगराव आला. बुंध्याभोवती फेरी मारून म्हणाला, "काय सावळाराम, आज बापलेकीचा मुका आरा चाललाय जनू."

"लाकूड बघ," सावळाराम म्हणाला. "तुझ्यासारखंच हाय. वरनं सरळ."

रंगराव हसला नाही. उद्या थेरगावची चिंच पाडायची आहे, जमत नसेल तर दुसरे गडी उभे आहेत, असं त्याने ऐकवलं.

रतन आंब्याकडे बघत म्हणाली, "उद्या मला पिंपरीला बोलावलंय."

"रंगराव, तिला सांगा," सावळाराम म्हणाला, "चिंच मी एकटा पाडीन."

"मला मधी घेऊ नका," रंगराव म्हणाला. "तुमच्या मधी ह्यो आरा हाय, तेवढा पुरे."

मित्रांनो, माझ्या कामाची रीत तुम्हाला सांगायला हवी. आरा फक्त ओढायचा असतो, ढकलायचा कधीच नाही. एकाने ओढलं की दुसऱ्याने हात सैल सोडायचा. रागाने ढकललं तर पातं वाकतं. त्या दिवशी दोघांच्या मनात एवढं विष होतं, तरी कुणी मला ढकललं नाही.

आणि झाडाप्रमाणे आरा निवडायचा. सावळाराम आधी बुंध्याला दोरी गुंडाळून जाडी काढी. त्या जाडीशिवाय दोन्ही बाजूंना ओढायला हातभर पातं उरलं पाहिजे. बांधावरच्या बाभळीत, जिथे वळायला जागा नसते, तिथे माझा धाकटा भाऊ लागे. तो आखूड, एका मुठीचा. तिथे मला नेलं तर मी फांद्यांत अडकून वाकेन. पण जाड चिंचेत तो गेला, तर चारी बाजूंनी कुरतडावं लागतं आणि बुंध्याला चिकटून उभं राहावं लागतं. शिवाय माझ्याबरोबर दोन माणसं असतात. झाडाचा शेंडा समोरच्याच्या पाठीकडे कलतोय का, ते प्रत्येक जण बघतो. एकट्याच्या पाठीमागे बघायला कोण असतं?

मी जन्मलो कुठे, ते मला ठाऊक नाही. लढाई संपल्यावर लष्कराच्या लिलावात निघालेल्या गंजक्या ढिगातून सावळारामने मला उचललं. गेनू गेल्यावर कोणी गडी टिकेना, तेव्हा त्याने रतनला मुठीशी उभं केलं. लोक थांबून बघत. पोरगी आरा ओढते म्हणजे बापाच्या अंगात दम नाही, असं म्हणत. मुठीवरच्या चिंधीलाही हसत. कारण रतनच्या मुठीला सावळाराम स्वतःच्या जुन्या धोतराची मऊ पट्टी गुंडाळी. मळली की बदली. त्याबद्दल तो कधी बोलला नाही, तीही नाही.

त्या संध्याकाळी दिवेलागणीला त्याने मला तेल लावलं आणि तोंड वाकडं ठेवूनच नवी पट्टी बांधली. रतन आत भाकऱ्या थापत होती. सकाळी ती पिंपरीला निघाली. सावळाराम माझ्यासमोर उभा राहिला. मला वाटलं, तो तिला हाक मारील. त्याने मला खुंटीवरच ठेवलं आणि धाकट्याला खांद्यावर घेतलं.

चिंच त्याच्या अंगावर आली. चुकीच्या बाजूला कललेला शेंडा त्याला दिसला नाही. धाकटा परत आला तो पिळवटून. सावळारामला घोंगडीत आणलं.

दहाव्यानंतर रंगराव आला. घाई केली सावळारामने, असं म्हणाला. मग माझ्याकडे बोट करून, हा आता तुला काय कामाचा, असंही म्हणाला. रतनने त्याला बसायला सांगितलं नाही. "चिंच किती जाड हाय, ते तुमी पाहिलं होतं," ती म्हणाली. "तिथं एकटा माणूस गेलेलाही पाहिलात. आता दार लावायचंय मला." तो गेला.

तुम्हा मुलांना मी काय सांगणार? आम्हाला तेल लावा, भिंतीपासून लांब टांगा, हे सगळे सांगतात. मी एवढंच म्हणेन की जाड झाड असेल, तर राग घरी ठेवा आणि दुसऱ्या मुठीच्या माणसाला हाक मारा. तो शिव्या देत येईल, पण येईल.

रतनने मला खाली उतरवलं. उंबऱ्यात बसून पातं पुसलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग तिचा हात मुठीवर आला आणि थांबला. पट्टी कोरी होती. भाजणाऱ्या वस्तूवरून घ्यावा तसा तिने हात मागे घेतला, आणि पुन्हा ठेवला. दुसरी मूठ समोर जमिनीवर मोकळी पडली होती. तिच्याकडे बघत ती मोठ्याने बोलली. आवाजात राग तसाच होता.

"अण्णा, चिंचेला हा आरा लागतो. तुमीच शिकवलंत. एक हाक मारायची होती." मग म्हणाली, "ही मूठ माझ्या हाताला कधी रुतली न्हाई, अण्णा. एकदाबी न्हाई."