मोठीच्या वाट्याचा खडा

धाकट्या जावेची अंगठी दिसली की मोठीच्या पोटात दुखायचं, आणि हे दुखणं बारा वर्षं जुनं होतं. मरण्याआधी सासूबाईंनी दोन नीलम वाटून दिले. धाकटीला गडद निळा, आरपार स्वच्छ. मोठीला फिकट आणि आत धुरकट. खडे तपासायच्या लॅबमध्ये उभं आयुष्य घालवणाऱ्या बाईला हा असला खडा! "सेवा मी केली आणि मेवा तिला," असं म्हणत मोठीने आपली अंगठी बटणांच्या डब्यात टाकली ती टाकलीच. भिंगाखाली धरायचेही कष्ट घेतले नाहीत.

आज धाकटी लॅबमध्ये तिच्या टेबलापुढे बसली होती. अंगठीतला खडा हलत होता, म्हणून सोनाराने तो काढून दिला होता. पुन्हा बसवण्याआधी त्याला लॅबची चिठ्ठी हवी होती. उद्या कुणी 'खडा बदलला' म्हणून त्याच्या नावाने शंख करायला नको.

मोठीने खडा चिमट्यात धरला, भिंग डोळ्याला लावलं. आत कमानीसारख्या वाकलेल्या बारीक रेषा दिसल्या. जमिनीत वाढलेल्या नीलमात रेषा सरळ असतात. अशा वाकड्या फक्त भट्टीत बनवलेल्यात. तिच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

तरी तो नीलमच होता. घटक तेच, कठीणपणा तोच, जन्म तेवढा कारखान्यातला. नकली खडा म्हणजे वेगळी गोष्ट: वरून निळा रंग, बाकी नुसती काच. हा फरक मोठी लॅबमधल्या नव्या मुलींना घसा कोरडा करून शिकवायची. पण बारा वर्षांच्या जळफळाटाला एवढ्याशा फरकाने कुठलं समाधान!

"काच आहे गं," ती म्हणाली. आवाजातली हळहळ मात्र अस्सल नकली होती.

धाकटीचा चेहरा पडला. मोठीला आतून गार वाटलं. पण धाकटी रडली नाही, ताडकन उठली.

"म्हणजे सोनाराने बदलला! बघतेच त्याला. पोलिसांतच देते."

"अगं, बदलला कशावरून? आधीपासूनच काच असेल."

"छे! सासूबाईंनी देतानाच सांगितलं होतं मला. 'हा लॅबमध्ये बनवलेला आहे, पण काच नाही, नीलमच आहे. खाणीतला एकच होता, तो मोठीला दिलाय. ती पारखी, तिला वेगळं सांगायला नको.'" पर्स खांद्याला अडकवत धाकटी म्हणाली, "खरं सांगू ताई? तेव्हा फार जळले मी तुमच्यावर. तुम्ही तर बघताक्षणी ओळखला असेल ना?"

मोठीच्या तोंडचं पाणी पळालं. धाकटी दारापर्यंत पोचली होती, आणि तिकडे एक माणूस फुकटचा चोर ठरणार होता.

"बस खाली," मोठी म्हणाली. "सोनाराने काही केलेलं नाही. खडा तोच आहे. मी खोटं बोलले."

"का पण?"

"मीही जळत होते म्हणून. बारा वर्षं."

धाकटी परत येऊन बसली. मग मोठीने चिठ्ठीवर लिहिलं, 'नीलम, लॅबमध्ये तयार केलेला', आणि खाली सही केली.

"ताई, तुमचा खडा कुठे असतो हो? बोटात कधी दिसला नाही."

"बटणांच्या डब्यात," मोठी म्हणाली. "मी तो कधी तपासलाच नाही गं."