उखर्डू मरत नाही

माझ्या भावाचं नाव उखर्डू. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. नंतर हसलात तर मला राग येईल, आणि माझा राग नशिराबादपासून धुळ्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे.

असलं नाव कुणी हौसेनं ठेवत नाही. माझ्या पाठीवर आईला दोन मुलगे झाले आणि दोघेही वर्षाच्या आत गेले. तिसरा झाला तेव्हा आईनं आमच्याकडच्या बायका करतात तेच केलं. बाराव्या दिवशी बाळाला उकिरड्यावर ठेवलं आणि मागे न बघता घरी आली. शेजारच्या अकबरीचाचीनं त्याला उचललं, "अरे ये किसका बच्चा फेंक्या?" असं गल्लीभर ओरडत आमच्या दारात आणलं, आणि आईनं सूपभर ज्वारी देऊन ते पोर 'विकत' घेतलं. म्हणजे आता ते कचऱ्यातलं, टाकून दिलेलं, दुसऱ्याचं. अशा पोराकडे यम कशाला ढुंकून बघेल? नावही तसंच ठेवलं, उकिरड्यावरचा तो उखर्डू, म्हणजे वर कुणाला शंका नको. युक्ती लागू पडली. उखर्डू जगला, आणि शाळेत जाऊन रोज रडायला मोकळा झाला.

कारण त्याच्या वर्गात सगळे राजू नि संजय. हजेरीत याचं नाव आलं की अर्धा वर्ग नाक धरायचा. तो दहा वर्षांचा होता, मी चौदाची. साल त्र्याऐंशी. रोज संध्याकाळी याचं रडगाणं ऐकून माझ्या नाकी नऊ आले, तेव्हा मी चित्रकलेची वही काढली आणि त्याच्यासाठी एक चित्रकथा काढली.

नायक अर्थातच उखर्डू. ठिगळाची चड्डी, डोक्यावर न बसणारा केसांचा झुबका, हातात ढालीसारखं केळीचं पान. गोष्ट नेहमी एकच. उखर्डू कुणाला तरी वाचवायला जातो आणि विहिरीत पडतो, नाहीतर वाघूर नदीच्या पुरात वाहून जातो. मग रेड्यावर बसून यमाचा हवालदार येतो. मिशा या कानापासून त्या कानापर्यंत. तो दोरी काढतो, वाकतो, वास घेतो आणि किंचाळतो, "श्शी! हा तर उकिरड्यावरचा! आमच्याकडे असला माल घेत नाहीत!" रेडा शिंकतो, हवालदार जातो, उखर्डू उठून चड्डी झटकतो.

दोन महिन्यांत वर्गातले राजू नि संजय वहीसाठी रांग लावायला लागले. मी अकरा वह्या भरल्या. गणितात नापास झाले, पण त्याला इलाज नव्हता.

मग उखर्डूला मिसरूड फुटलं आणि अक्कल गेली. वह्या माळ्यावर गेल्या. कॉलेजात तो स्वतःला 'यू. टी.' म्हणवून घेऊ लागला. कुणी विचारलंच की यू म्हणजे काय, तर खोकायचा.

शहाण्णव सालापर्यंत मी लग्न होऊन धुळ्याला चित्रकलेची शिक्षिका झाले होते, आणि यू. टी. साहेब जळगावात झुलालभाऊंच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. झुलालभाऊ साक्रीकडचे. क्लासमध्ये चार कॉम्प्युटर, एक एसी आणि दारात चपलांचा ढीग. आत चप्पल घालून गेलेलं त्यांना चालत नसे. दसऱ्याला कॉम्प्युटरला झेंडू वाहून कुंकू लावलं, ते दोन बटणांच्या फटीत गेलं आणि महिनाभर 'क' उमटला नाही, तरी त्यांची श्रद्धा ढळली नाही.

त्या सप्टेंबरात उखर्डू धुळ्याला आला. चहा घेतल्यावर म्हणाला, "अक्का, मी एक व्हिडिओ गेम बनवतोय. चित्रं तू काढ. आलेख वहीवर, सोळा चौकोन आडवे, सोळा उभे. एका चौकोनात एकच रंग. मी ते मोजून मशीनमध्ये भरीन."

"कुणाचं चित्र?"

"आपल्या वहीतल्याचं," तो म्हणाला, आणि मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. मग तो हळूच म्हणाला, "फक्त नाव बदललंय. कॅप्टन व्हिक्टर."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "ठिगळाच्या चड्डीतला कॅप्टन कुठल्या फौजेत असतो रे?"

तेव्हा त्यानं खरं सांगितलं. पुण्यात दोन मुलाखती झाल्या होत्या. दोन्हीकडे नाव वाचून साहेब लोक एकमेकांकडे बघून हसले होते. आता त्यानं नाव बदलायचा अर्ज भरून ठेवला होता. उदय. दिवाळीच्या सुट्टीत जळगावात कॉम्प्युटरचं प्रदर्शन होतं, तिथे पुण्याच्या एका कंपनीचा माणूस येणार होता. गेम त्याला आवडला तर कंपनी तो विकेल आणि नोकरीही देईल. "दिवाळीनंतर अर्ज देणार," तो म्हणाला. "आईला सांगू नकोस. अक्का, तेवीस वर्षं मी हे नाव ओढतोय. तुला कुंदा म्हणतात, तुला नाही कळायचं."

मी आलेख वही घेतली. पण चित्र काढताना हात ऐकेना. सोळा चौकोनांतही ठिगळ आलं, झुबका आला, केळीचं पान आलं. दर शनिवारी कागदांची गुंडाळी जळगावच्या एसटीच्या कंडक्टरकडे द्यायची, आणि पुढच्या आठवड्यात त्याच्याकडून निरोप यायचा: "तुमच्या भाऊनं सांगितलंय, पडतानाचं अजून एक चित्र पाह्यजे, पाय वर असलेलं."

दिवाळीच्या आठवडाभर आधी मी माहेरी गेले. प्रदर्शनाआधी घरच्यांनी गेम बघावा म्हणून उखर्डूनं आईला, मला आणि अकबरीचाचीला क्लासवर बोलावलं. दोघींनी बाहेर चपला काढल्या, कॉम्प्युटरला नमस्कार केला आणि झुलालभाऊंचं मन जिंकलं.

पडदा उजळला. काळ्या पडद्यावर केळीची बाग, विहीर, आणि मध्ये एवढासा आमचा गडी. उखर्डूनं बटणं दाबली तसा तो धावायला लागला. आई पुढे सरकली.

"अव माय! हा त आपला उखर्डू!"

"व्हिक्टर आहे तो, आई."

"मले काय दिसत नाही का? केस पाह्य त्याचे."

तेवढ्यात व्हिक्टर विहिरीत पडला. कोपऱ्यातल्या तीन बदामांतला एक गेला. "तीन वेळा संधी असते," उखर्डूनं समजावलं. बोलण्याच्या नादात दुसऱ्यांदा पडला. मग तिसऱ्यांदा. पाय वर असलेलं माझं चित्र मोठं झालं, टुंईं असा आवाज झाला आणि लाल अक्षरांत 'गेम ओव्हर' आलं.

"आता काय झालं?" आईनं विचारलं.

"मेला," उखर्डू सहज म्हणाला.

आईचा चेहरा पांढराफटक पडला. मी तिला तशी कधी पाहिली नव्हती. ती खुर्चीवरून उठली आणि तिनं उखर्डूच्या पाठीत असा धपाटा घातला की झुलालभाऊ दचकले. "भरल्या घरात, दिवाळीच्या तोंडावर, मारलं माह्या पोराले! सोताच्या हातानं!"

"आई, तो खेळ आहे! आणि तो मी नाही, व्हिक्टर आहे!"

"म्हनूनच मेला ना!" आई ओरडली. "नाव बदललं म्हनूनच मेला! उखर्डू असता त कसाले मरता?"

अकबरीचाचीनं कपाळावर हात मारला. "मैं उठाई थी इसको उकिरडे पे से. ऐसा मरने के वास्ते उठाई थी क्या?"

आईला अर्जाबद्दल काही माहीत नव्हतं, ते मला आणि उखर्डूलाच ठाऊक होतं. आई मात्र त्या मेलेल्या चित्राकडे पाठ करून पदरानं डोळे पुसत होती. मला त्या क्षणी माझीच लाज वाटली. पाय वर असलेलं ते चित्र मीच हौसेनं रंगवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माळ्यावर चढला आणि अकराच्या अकरा वह्या घेऊन खाली आला. "अक्का," तो म्हणाला, "हवालदार सोळा चौकोनांत बसेल का?"

"मिशांना वीस लागतील," मी म्हटलं.

चार दिवस आम्ही क्लासमध्ये बसलो. दोनदा वीज गेली आणि केलेलं सगळं पुसलं गेलं. पण जमलं. आता गडी पडला की धपकन उकिरड्यावर येई. रेड्यावरून हवालदार येई, वास घेई, नाक धरून पळे. गडी उठून चड्डी झटके आणि पुढे धावे. बदाम काढून टाकले. 'गेम ओव्हर' काढून टाकलं. कॅप्टनही गेला. वर मोठ्या अक्षरांत नाव आलं: उखर्डू. प्रदर्शनापुरतं आईच्या समाधानासाठी चाललं असेल, असं मला वाटलं.

झुलालभाऊंनी खेळून पाहिलं आणि डोकं खाजवलं. "हाऊ मरसच नही भो! मरस नही तं खेळ कसा संपी? मरणाशिवाय गेम म्हणजे मिठाशिवाय भरीत शे."

त्यांचं म्हणणं प्रदर्शनात खरं ठरलं, पण उलट्या बाजूनं. सकाळी पहिला पोरगा खुर्चीत बसला तो उठेचना. हरतच नव्हता, तर उठणार कसा? बाकीच्या टेबलांवर पोरं तीन मिनिटांत मरून मोकळी होत होती. आमच्या टेबलापुढची रांग हॉलच्या दारापर्यंत गेली. शेवटी झुलालभाऊंनी घरून गजराचं घड्याळ आणलं आणि दर पाच मिनिटांनी पोरं ओढून काढायला सुरुवात केली. हवालदार आला की सगळी रांग नाक धरून ओरडायची, "उखर्डूऽऽ!" आणि तो उठला की टाळ्या.

उखर्डू टेबलामागे उभा होता. पहिल्या आरोळीला त्यानं मान खाली घातली, सवयीनं. दुसऱ्या वेळी वर बघितलं. मग मात्र तो एकेका पोराचं तोंड न्याहाळत राहिला. हेच नाव, हेच नाक धरणं, आणि तरी कुणी त्याला हसत नव्हतं.

दुपारी पुण्याचा माणूस आला. भला गृहस्थ होता, उगाच का नावं ठेवू. त्यानं पाच मिनिटं खेळ पाहिला आणि खूष झाला. "घेतो," तो म्हणाला. "फक्त नाव बदला. हे... उखर्डू, हे कोण उच्चारणार? पुण्या-मुंबईच्या पोरांना काहीतरी सुटसुटीत हवं. आणि तुम्हीसुद्धा आमच्याकडे या. आजच कळवा."

हे सगळं त्याला आयतं मिळत होतं. नोकरी, पुणे, आणि नाव बदलायला वरून कारणही. हे त्याचं त्यानंच ठरवायचं होतं.

तेवढ्यात रांगेत आईचा नंबर आला. होय, ती सकाळपासून रांगेत उभी होती, पोरांच्या मध्ये, पिशवी हातात धरून. झुलालभाऊंनी तिला खुर्चीत बसवलं आणि बटण दाखवलं. आईनं एका बोटानं ते दाबलं. गडी दोन पावलं धावला आणि विहिरीत पडला.

आई श्वास रोखून थांबली. हवालदार आला, वास घेतला, पळाला. गडी उठला, चड्डी झटकली. आई हसली. तिनं पुन्हा बटण दाबलं. तिला धावायचं नव्हतं, बाग पार करायची नव्हती. ती त्याला फक्त विहिरीपर्यंत न्यायची, पाडायची आणि उठताना बघायची. पडला, उठला. पडला, उठला. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिला ते पुसायचंही भान नव्हतं.

घड्याळाचा गजर झाला. झुलालभाऊ पुढे सरसावले, पण उखर्डूनं त्यांचा हात धरला आणि घड्याळ उचलून बंद केलं.

"मग काय कळवू कंपनीला?" पुण्याच्या माणसानं विचारलं.

"नाव हेच राहील साहेब," माझा भाऊ म्हणाला. "आम्हीच फ्लॉप्या करून वाटू. आधी जळगावात, मग धुळ्याला. जिथपर्यंत जाईल तिथपर्यंत."

"विचार करा. आणि तुमचं स्वतःचं पूर्ण नाव काय लिहू?"

तो खोकला नाही. हॉलमधल्या गोंगाटातही सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यानं सांगितलं, "उखर्डू तोताराम भंगाळे."

रांगेतला पहिला पोरगा कंटाळून आईच्या खांद्याला हात लावत होता. "आजी, उठा ना. तुमची पाच मिनिटं कधीच झाली."

"थांब रे बाप्पा," पडद्यावरची नजर न काढता आई म्हणाली, "आजून एकडाव उठू दे त्याले."