ओटीतलं हळकुंड

तानूबाईने ताटावरचा रुमाल पुन्हा उचलला. नारळ, खण, तांदूळ, पानसुपारी, हळकुंड, हळदीकुंकवाचा करंडा. सगळं होतं. मघाशीही होतंच.

"अगं, सारखं काय उघडतेस? गाडी काय त्या ताटातून येणार आहे?" तिचा नवरा येसाजी म्हणाला. स्वतः मात्र फलाटाच्या टोकापर्यंत चार फेऱ्या मारून आला होता. घाईत गळ्यातली शिवणाच्या मापाची टेपसुद्धा दुकानात काढून ठेवायची राहिली होती.

शेजारच्या ठकुअज्जींना हा बेतच पसंत नव्हता. "ओटी घरी भरतात, देवापुढे. स्टेशनात कुणी भरतं का?"

"अठरा वर्षांनी वन्सं माहेरी येतायत, अज्जी! घरापर्यंत कुणाला दम निघतोय?"

दम खरंच निघत नव्हता. आणि गंमत अशी, की तानूबाईने या नणंदेला जन्मात एकदाही पाहिलं नव्हतं. अंबुबाई लग्न होऊन रंगूनच्या बोटीत बसली सेहेचाळीस साली, आणि तानूबाई या घरात आली अठ्ठेचाळीस साली. ओळख झाली ती पत्रांतून. पुरणाला चटका किती द्यावा इथपासून नवऱ्याचा राग कसा उतरवावा इथपर्यंत सगळं दोघींनी समुद्रावरून एकमेकींना कळवलं होतं. अंबुबाईच्या नवऱ्याचं, दामोदरपंतांचं, रंगूनला शिवणकामाचं चांगलं चालतं दुकान होतं. यंदा तिथल्या सरकारने दुकानं ताब्यात घेतली, हिंदी माणसांना परतीची वाट दाखवली, आणि पत्रं बंद पडली. तीन महिने तानूबाईच्या घशाखाली घास उतरला नाही. मग मद्रासच्या छावणीतून तार आली: अंबुबाई शुक्रवारी सकाळच्या गाडीने येत आहे.

झालं! घराला चुना लागला, पुढच्या खोलीतलं मशीन मागे गेलं. साऱ्या चिकपेट बाजारात ही बातमी माहीत नाही असा एक माणूस उरला नाही. तारेत नाव एकटीचंच होतं, पण त्या आनंदात ते लक्षात घ्यायला सवड कुणाला होती!

गाडी धडधडत आत आली. हमाल पळाले, माणसं पळाली, येसाजी तर सगळ्यांच्या पुढे.

"अंबू! ए अंबू!"

बायकांच्या डब्याच्या दारात एक किडकिडीत बाई उभी होती. येसाजीने तिला हाताला धरून उतरवलं आणि तिथेच लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला. तानूबाई हसत होती, डोळे पुसत होती, ताट सावरत होती. करंड्यातून कुंकवाची चिमूट घेऊन ती पुढे झाली.

आणि तिला दिसलं. कपाळ मोकळं, हातात एक बांगडी नाही. गळ्यात काही म्हणजे काही नाही.

"अय्यो, रामा," ठकुअज्जी कानाशी कुजबुजल्या. "गळा बघ गं."

तारेतलं ते एकटं नाव आता तानूबाईला आठवलं. चिमूट परत करंड्यात गेली आणि रुमाल ताटावर ओढला गेला. सगळं एका क्षणात झालं, पण अंबुबाईने ते पाहिलं. तिची नजर ताटावर गेली, तानूबाईच्या हातावर गेली आणि मग खाली वळली.

"येसाजीराव! अहो, जरा हात लावा या ट्रंकेला!"

मागच्या डब्यातून दामोदरपंत उतरत होते. दाढी वाढलेली, सदरा मळलेला, पण धडधाकट.

"दाजी!" येसाजी ओरडला. "तारेत तुमचं नाव नव्हतं हो!"

"बायकांची तार लवकर घेत होते, म्हणून हिच्याच नावाने केली."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तानूबाईला झालं.

"वन्सं, मी... गळा पाहिला, आणि मला वाटलं..."

"बंदरावर काढून घेतलं," अंबुबाई म्हणाली. "सोनं नेता येत नाही म्हणाले. कुंकवाचा करंडा चांदीचा, तोही ठेवून घेतला. बांगड्या काचेच्या होत्या, त्या बोटीवरच्या चेंगराचेंगरीत फुटल्या."

"अगं, मग मंगळसूत्राच्या जागी हळकुंड तरी बांधायचंस," ठकुअज्जी म्हणाल्या.

"छावणीत वाटत होते, अज्जी. कुंकवाची पुडी आणि दोऱ्यात बांधलेलं हळकुंड. रांग होती. अन्नासाठी लागले रांगेत, पांघरुणासाठी लागले. त्यासाठी नाही लागले."

"हट्टी आहे," दामोदरपंत म्हणाले. "तीन दिवस जो तो हिच्याकडे तसाच बघायचा. मी म्हटलं, घे बाई एक. तर म्हणते कशी, बघू देत. माझ्या माहेरची माणसं तसं बघणार नाहीत."

पंतांनी हे कौतुकानेच सांगितलं. त्यांनी मघाचं काही पाहिलं नव्हतं.

तानूबाईने रुमाल काढला आणि ओटीतलं हळकुंड उचललं.

"अहो, दोरा."

येसाजीच्या खिशात रीळ असायचंच. पांढरा दोरा तिने चार पदरी केला, हळदीतून ओढून पिवळा केला, हळकुंडाला बांधला आणि दोन्ही हातांनी पंतांपुढे धरला.

"दाजी, तुम्ही बांधा."

पंतांनी हात पुढे केला. अंबुबाईने तो हलकेच बाजूला सारला.

"ह्यांनी एकदा बांधलंय."

ती तानूबाईकडे पाठ करून उभी राहिली आणि तिने मानेवरचा पदर सरकवला.

"तुम्ही बांधा, वहिनी."

सोळा वर्षं काजं-बटणं केलेली बोटं ती. पण गाठ पहिल्यांदा सुटली, दुसऱ्यांदाही सुटली.

"घट्ट," अंबुबाई म्हणाली.