करंगळीवरचा लाल

ज्योतीराम चाकणच्या एका कारखान्यात पेंट शॉपला होता. रंगून आलेला गाडीचा दरवाजा मूळ नमुन्याशी जुळतो की नाही, हे नुसत्या डोळ्यांनी सांगायचं, हेच त्याचं काम. शिफ्ट संपवून कंपनीच्या बसने निघोज्याला घरी आला, की पाण्याचा तांब्या पुढे करत त्याची बायको सुमन विचारायची, "आज कुठला रंग चालला?"

पांढरा असला की म्हणायची, "परत पांढरा? लोकांना हौसच नाही बाई."

सुमन जाऊन नऊ महिने झाले होते. तेव्हापासून रंगाचं त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

अंदमानला जायचं तिनेच काढलं होतं. मोबाइलवर प्रवाळ बघून म्हणाली होती, "एवढे रंग खरंच असतात का हो? का ही मोबाइलची करामत?"

"जाऊन बघू," तो म्हणाला होता. मग दुखणं आलं आणि जाणं राहिलं. आता लेकीने, प्राजक्ताने, पुन्हा तिकिटं काढली. "आईला उत्तर द्यायचं राहिलंय, बाबा. चला."

सामान भरताना कपाटात सुमनची नेलपॉलिशची बाटली सापडली. तळाशी थोडंसं लाल उरलेलं, तेही घट्ट होत आलेलं. महिन्याभरात वाळणार, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. त्याने उरलंसुरलं आपल्या करंगळीच्या नखाला लावलं.

दुसऱ्या दिवशी शिफ्टला शेजारी काम करणाऱ्या नवनाथने बरोबर पकडलं. "काय राव, एकच बोट? बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?"

"तेवढाच होता रंग."

नवनाथने पुढचा दरवाजा त्याच्यासमोर ओढला.

बेटावर डायव्हिंगला नेणाऱ्या करिष्मा नावाच्या मुलीने त्याच्या पाठीवर हवेचं नळकांडं बांधलं. "अंकल, एक ही बात. सांस मत रोकना."

नेमकं तेच त्याला जड गेलं. उमेदीत त्याने स्प्रे गन चालवली होती, आणि हात हलू नये म्हणून तिथे श्वास रोखायचीच सवय. पाण्याखाली जाताच त्याने श्वास धरला. करिष्माने हात दाबला. त्याने सोडला. बुडबुडे वर गेले.

मग त्याने खाली पाहिलं.

डोंगरउतारावर रान माजावं तसे प्रवाळ पसरले होते. कुठे हरणाच्या शिंगांसारखे, कुठे परातीएवढे. जांभळे, हळदीसारखे, कोवळ्या भातासारखे. माशांचा एक थवा त्याच्यावरून गेला आणि वळताना सगळाच्या सगळा एकदम चमकला. खडकात एक शिंपला घमेल्याएवढा उघडा होता, त्याचे ओठ निळे. जवळ जाताच शिंपल्याने ते मिटून घेतले. ज्योतीराम सवयीने मनातल्या मनात शेड जुळवायला लागला आणि पाच मिनिटांत थांबला. त्याच्याकडे तेवढे नमुनेच नव्हते.

सुमनला हे दाखवावं म्हणून त्याने करंगळी पुढे धरली. नख काळपट तपकिरी दिसलं.

खाऱ्या पाण्याने गेला रंग. शेवटचा होता. त्याने नख जवळ आणलं, चोळलं, श्वास पुन्हा अडकला. करिष्माने बघितलं, त्याचा हात धरला आणि कमरेची बॅटरी नखावर मारली.

लाल. सुमनचा लाल, जसाच्या तसा. त्याने बोट उजेडाबाहेर नेलं, काळपट. उजेडात आणलं, लाल. असं त्याने तीनदा केलं. रंग गेला नव्हता, वरून येणाऱ्या उजेडातला लाल पाण्यानेच गिळला होता. मग तिने बॅटरी बाजूच्या मळकट खडकावर फिरवली आणि तोही कुंकवासारखा पेटला. त्याच्या भोवती सगळीकडे लाल होता आणि इतका वेळ त्याला दिसलाच नव्हता.

श्वास आपोआप सुटला.

होडीत प्राजक्ताने टॉवेल दिला. "बाबा, त्रास झाला का?"

त्याने नाही म्हणून मान हलवली. टॉवेल खांद्यावर टाकून म्हणाला, "मोबाइलने कमीच दाखवलं होतं गं. एक शिंपला होता, घमेल्याएवढा. त्याच्या ओठांचा निळा आपल्या लाइनवर अजून आलेला नाही. आणि लाल तर…"

किनारा आला तरी तो सांगतच होता.

"आणि पांढरा?" प्राजक्ताने विचारलं.

"होता ना. खाली वाळू होती. पण आज तुझ्या आईने तक्रार केली नसती."