शेड नंबर चौदामधलं माहेर

गोदावरीनं व्यंकटरावांचं घर नेलं त्याला सहा महिने झाले, आणि या सहा महिन्यांत त्यांना चौदा बादल्या मिळाल्या.

बादली ही उपयोगी वस्तू आहे, याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. परभणीच्या मंडळानं बादल्या दिल्या, मानवतच्या व्यापाऱ्यांनी दिल्या, पुण्याहून एक टेम्पो आला त्यातूनही बादल्याच उतरल्या. शिवाय नऊ चादरी, पाच चटया, चार सौर कंदील आणि तीन इडलीपात्रं. इडली या घरात कुणी कधी केली नव्हती. पण पुरानंतर माणूस नव्यानं सुरुवात करतो, असं देणाऱ्यांनी कुठंतरी वाचलेलं असावं.

नको म्हणायची सोय नव्हती. सहाव्या बादलीला व्यंकटराव एकदा नको म्हणाले, तर देणाऱ्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटी व्यंकटरावांनीच त्यांची समजूत घातली आणि बादली घेतली.

हे सगळं ठेवायला सोनपेठ तालुक्यातल्या एका गायरानावर पत्र्याची दहा बाय बाराची खोली होती. अशा चाळीस खोल्या. कागदावर नाव ‘तात्पुरता निवारा’. उरलेल्या जागेत व्यंकटराव आणि नर्मदाबाई राहत.

त्यांची एकुलती लेक अपेक्षा गेल्या वर्षी बोरीला दिली होती. तिला सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, यात विचारायचं काही नसतं. पण यंदा विहीणबाईंनी, मथुराबाईंनी, फोनवर विचारलं होतं, “माहेर हाय कुठं सध्या?” आणि मग स्वतःच सावरून घेत म्हणाल्या होत्या, “आमी येऊन जागा बगतो. मंग ठरवू.”

तेव्हापासून नर्मदाबाईंना झोप नव्हती. घर गेलं, बैलजोडी गेली, तेव्हा त्या रडल्या आणि उठल्या. पण लेक बाळंतपणाला आली नाही तर आपण कुणाचे कोण, हे त्यांना कळत नव्हतं.

व्यंकटरावांनी बाजेचं मनावर घेतलं. मदतवाल्यांची निकिता नावाची पोरगी गरजांचा अर्ज भरून घ्यायला आली, तेव्हा त्यांनी ‘इतर’मध्ये ‘बाज’ लिहायला सांगितलं.

“बाज म्हणजे बेड ना काका?”

“बेड न्हाई बाई. सुतळीनं विणलेली असती. खाली शेगडी ठिवली की बाळंतिणीला शेक लागतो.”

पोरीनं सगळं मन लावून लिहून घेतलं. पंधरा दिवसांनी दोन बादल्या आल्या. त्या धरून चौदा.

मग व्यंकटरावांनी बाजारातून बाजेचा जुना सांगाडा आणला, आणि पंधरा नंबरातल्या धम्मपालला समोर बसवून चार दिवसांत शेडसमोरच बाज विणली. धम्मपाल सुतळी ताणत म्हणाला, “मामा, एवढी ताणून विणायलात, नातू न्हाई पैलवान निजवायचा वाटतं.” सहा महिन्यांत व्यंकटराव तेव्हा एकदा हसले.

पाहुणे यायच्या दिवशी ते सकाळी सोनपेठला दूध-साखर आणायला गेले आणि परत येऊन पाहतात तर खोलीत रुखवत मांडलेलं.

भिंतीला लावून बादल्यांची उतरंड. त्यावर कुकर, मिक्सर, डबे, चादरींच्या घड्या, इडलीपात्रांचा कळस. अर्ध्याहून जास्त सामान त्यांचं नव्हतंच. नर्मदाबाईंनी पंधरापासून अठरापर्यंतच्या शेड फिरून ते एका दिवसापुरतं मागून आणलं होतं.

“अगं, हे काय करायलीस?”

“गप बसा. उघड्यावर पडलेत म्हणून पोरगी ठिवून घ्यायच्या त्या. भरलेलं दिसलं म्हंजी तोंड बंद हुतंय.”

बाज आत न्यायची राहिली होती. ती आता दारातून आत जाईना.

नऊच्या सुमाराला भाड्याची जीप आली. जावई महारुद्र, मथुराबाई आणि अपेक्षा. मथुराबाई दारात थबकल्या.

“अगं बाई! दुकानच टाकलं की हो इहीणबाई!”

नर्मदाबाई फुलल्या. “कशाची कमी न्हाई बगा. देवाच्या दयेनं लय झालंय.”

पाहुण्यांना उतरंडीसमोर दाटीवाटीनं बसवलं. चहा झाला, जेवणं झाली, वाढणारीला उभं राहायला जागा नव्हती म्हणून ताटं हातोहात गेली. एक वाजता पत्रा तापून कडकड वाजायला लागला. मथुराबाई पदरानं वारा घेत बराच वेळ बघत होत्या. मग साधेपणानं म्हणाल्या,

“समदं हाय. पोरगी कुठं निजायची?”



“सामान हलवू की,” नर्मदाबाई म्हणाल्या.

“कुठं हलवायचं?”

उत्तर अगदी सोपं होतं. ज्याचं त्याला परत द्यायचं. व्यंकटरावांनी बायकोकडं पाहिलं. ती जमिनीकडं बघत होती. शेवटी त्यांनीच घसा खाकरला. “ह्यातलं निम्मं शेजाऱ्यांचं हाय, इहीणबाई. संध्याकाळी मोकळं हुतंय. मंग बाज आरामात बसती.”

नर्मदाबाईंनी मान वर केली नाही ती केलीच नाही.

मथुराबाई हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी मागच्या पत्र्याला हात लावला आणि झटकन काढला.

“व्यंकटराव, सामानाचं सोडा. अजून फाल्गुन चालूय. पोरीचे दिवस वैशाखात भरतेत. ह्याच्याखाली ओली बाळंतीण अन् लेकरू कसं ठिवायचं, तुमीच सांगा.”

“चाळीस घरं राहायलीत की इथं,” नर्मदाबाई म्हणाल्या.

“राहायलीत. पर तान्हं लेकरू हाय का कुणाचं?”

बत्तीस नंबरात होतं. अकरा दिवस होतं.

“पोरगीला इचारा,” नर्मदाबाई हट्टानं म्हणाल्या. “सांग गं बाई. तुला कुठं यायचंय?”

अपेक्षा उठून बाहेर गेली होती. धम्मपालच्या शेडच्या सावलीत बाज टाकलेली होती, तिच्यावर ती पाय खाली सोडून बसली होती. सुतळीवरून हात फिरवत होती. आईबाप बाहेर आले, तशी तिनं बापाला विचारलं,

“दादा, तुमी विणली?”

“व्हय.”

“लय झाक झाली.” मग तिनं आईकडं पाहिलं. “माय, मी बोरीलाच राहते. तिथं दवाखाना जवळ हाय.”

दवाखाना जवळ आहे, हे खरंच होतं. त्यामुळं कुणाला काही म्हणता आलं नाही. नर्मदाबाईंनी लेकीला पाटावर बसवून ओटी भरली. खण, नारळ, मूठभर गहू. चार दाणे खाली सांडले, ते त्यांनी एकेक करून वेचले. मथुराबाई म्हणाल्या, “मन वाईट करू नगा. दुसऱ्या खेपेला आणा की.” त्या मनापासून बोलत होत्या, म्हणून ते जास्त लागलं.

जीप निघाली. दोघं शेडसमोर उभे राहून बघत राहिले. गायरान संपून रस्ता वळतो तिथं बाभळीपाशी जीप थांबली.

“बिघडली का काय?” नर्मदाबाई म्हणाल्या.

महारुद्र उतरून पुढं जाऊन पाठमोरा उभा राहिला. मग मथुराबाई उतरल्या, त्यांनी अपेक्षाला हात धरून उतरवलं, बाभळीमागं नेलं, आणि आपला पदर दोन्ही हातांनी आडवा धरून रस्त्याकडं तोंड करून उभ्या राहिल्या.

नऊपासून चार वाजेपर्यंत पोरगी बाजेपलीकडं एकदाही कुठं गेली नव्हती. चाळीस शेडमध्ये दोन संडास, एकाला दार नाही, हे तिला आल्याआल्याच कुणीतरी सांगितलं असेल. सातव्या महिन्यात. पाणी प्यालेली व्यंकटरावांना आठवेना. पाहुणी माणसं वागतात तशी ती वागली होती. कुणाला त्रास नको म्हणून.

“बगा न जाऊन, काय झालं,” नर्मदाबाई म्हणाल्या. त्यांची नजर आताशा लांबचं धरत नव्हती.

“काय न्हाई,” व्यंकटराव म्हणाले. “निघाली बग गाडी.”

गाडी अजून निघाली नव्हती. ते तिच्याकडं पाठ करून उभे राहिले आणि बायकोलाही हाताला धरून फिरवलं.